व्हर्च्युअलचा गुण

‘व्हर्च्युअल’ हा शब्द आपल्या ‘वीर’ शब्दाचा लांबचा भाऊबंद आहे. लॅटिनमधला ‘विर’, म्हणजे पुरुष, आणि संस्कृतातला ‘वीर’ हे एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेले. विरच्या अंगी जे असायला हवे ते ‘विर्तुस’: आधी मर्दुमकी, मग पराक्रम, पुढे एकंदर योग्यता. याच विर्तुसपासून इंग्रजीत ‘व्हर्च्यू’ आला, आणि मध्ययुगातल्या पंडिती लॅटिनने त्यावरून ‘विर्तुआलिस’ हे विशेषण घडवले. अर्थ असा की ज्याच्या अंगी परिणाम घडवण्याचे सामर्थ्य आहे ते. विंडोजच्या आत एका चौकटीत उबुंटू चालवणारे विद्यार्थी ज्याला नुसते ‘व्हीएम’ म्हणतात, त्या व्हर्च्युअल मशीनच्या नावात हे सामर्थ्य आहे. मराठी लेखनात मात्र त्याचे ‘आभासी यंत्र’ होते, आणि हा प्रतिशब्द मला मनापासून खटकतो.

व्हर्च्यूचा एक जुना अर्थ इथे फार उपयोगाचा आहे. युरोपातले वैद्य झाडपाल्याच्या, मुळ्यांच्या व्हर्च्यूबद्दल लिहीत. त्यांना त्यातून नीतिमत्ता सांगायची नसे, ती मुळी कोणत्या दुखण्यावर चालते ते सांगायचे असे. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपण आजही म्हणतो, ‘त्या औषधाचा गुण आला.’ मुलगा गुणी असतो आणि औषधालाही गुण असतो. चांगुलपणा आणि परिणामकारकता हे दोन्ही अर्थ व्हर्च्यूसारखेच आपल्या ‘गुण’ शब्दात एकत्र नांदतात. इंग्रजीत पुढे ‘व्हर्च्युअल’चा अर्थ स्थिरावला तो याच वाटेने: नावाने किंवा रूपाने ती वस्तू नसेल, पण गुणाने तीच आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे गुणाने यंत्र.

आता ‘आभास’ पाहू. आ + भास्, म्हणजे प्रकाशणे, झळकणे. त्यावरून वरवर तसे दिसणे. न्यायशास्त्रात ‘हेत्वाभास’ हा पारिभाषिक शब्द आहे. अनुमानात हेतूसारखा दिसणारा, पण हेतूचे काम न करणारा तो हेत्वाभास. साहित्यशास्त्रातला ‘रसाभास’ही त्याच जातीचा: रसासारखे काहीतरी आहे, पण अनौचित्यामुळे तो रस नव्हे. म्हणजे आभासात रूप असते आणि गुण नसतो. व्हर्च्युअलमध्ये नेमके उलट आहे. तिथे गुण असतो, रूप नसते. दोन शब्द एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत, आणि आपण एकाला दुसऱ्याच्या जागी बसवले आहे.

हे घडले कसे ते शाळेच्या पुस्तकांवरून कळते. प्रकाशाच्या धड्यात सपाट आरशातली प्रतिमा ‘आभासी प्रतिमा’ असते, आणि तिथे हा शब्द अगदी चपखल आहे. किरण आरशामागे खरोखर एकत्र येत नाहीत, ते तसे आल्याचे फक्त दिसते, म्हणून ती प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही. इंग्रजीत या प्रतिमेचे विशेषण ‘व्हर्च्युअल’. मग संगणकाच्या दुनियेतून हे विशेषण पुन्हा आले तेव्हा तयार प्रतिशब्द हाताशी होताच. पुढे आभासी वर्ग आले, आभासी बैठका आल्या, वर्तमानपत्रांत आभासी चलन आले. त्या बैठकांत खरे निर्णय झाले, त्या चलनात लोकांचे खरे पैसे बुडाले.

संस्कृतला दोष देण्यात अर्थ नाही. काश्मीरच्या शैव आचार्यांनी, विशेषतः उत्पलदेव आणि अभिनवगुप्त यांनी, हाच ‘आभास’ शब्द निराळ्या वजनाने वापरला. त्यांच्या लेखी आभास म्हणजे चैतन्याचे प्रकट होणे, उजळून येणे, आणि ते खरे. ‘भास्’ धातूचा मूळ प्रकाश तिथे शिल्लक आहे. मराठीने मात्र हा अर्थ घेतला नाही. ‘मला आभास झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा काहीतरी दिसले आणि ते नव्हते एवढेच सांगतो.

संगणकशास्त्रालाही सुरुवातीला असाच खोटेपणाचा शब्द सुचला होता, आणि त्याने तो टाकून दिला. १९६० च्या दशकात अमेरिकेत आयबीएमच्या दोन गटांमध्ये एका यंत्राची अनेक यंत्रे करून दाखवण्याचे काम चालले होते. एक गट न्यूयॉर्क राज्यातल्या यॉर्कटाउन हाइट्सच्या संशोधन केंद्रात होता. त्यांचा प्रकल्प एम४४/४४एक्स. दुसरा मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांचा. त्यांचा प्रकल्प सीपी-४०. केंब्रिजची मंडळी आपल्या या सृष्टीला आधी ‘स्यूडो-मशीन’ म्हणत. ग्रीक ‘स्यूडोस’ म्हणजे असत्य. यॉर्कटाउनचा ‘व्हर्च्युअल मशीन’ हा शब्द कानावर आल्यावर त्यांनी स्यूडो सोडला. सीपी-४० जानेवारी १९६७ मध्ये रोजच्या वापरात आले तेव्हा एका सिस्टिम/३६० यंत्रावर, मॉडेल ४० वर, अनेक जण एकाच वेळी बसत आणि प्रत्येकाला स्वतःचे संपूर्ण सिस्टिम/३६० यंत्र मिळे. त्यावर तो हवी ती ऑपरेटिंग सिस्टिम चढवू शके. यात असत्य काय होते? हिशेब खरे होत होते, प्रोग्रॅम खरे चालत होते. ‘आभासी’ म्हणून आपण परत त्या स्यूडोपाशी जाऊन पोचलो आहोत.

पुढे जे घडले ते तर आभासाच्या व्याख्येलाच बाधा आणणारे आहे. आभास म्हटला की आधी मूळ वस्तू हवी, मग तिची छाया. आयबीएमची नवी सिस्टिम/३७० यंत्रे आभासी स्मृतीच्या सोयीसह बाजारात यायची होती (बघा, ‘व्हर्च्युअल मेमरी’ला मीही सवयीने आभासीच म्हणालो), त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहायचे होते आणि यंत्र अजून हातात नव्हते. तेव्हा केंब्रिजच्या गटाने सीपी-६७ या आपल्या पुढच्या आवृत्तीत बदल करून जुन्या यंत्राच्या आत नवे यंत्र उभे केले, आणि नव्या यंत्राची प्रणाली त्यावर चालवून पाहिली. यंत्र जन्माला येण्याआधी त्याचा गुण चालू झाला होता. २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केले, ते या तयारीवर.

‘प्रणाली’ हा शब्द आत्ता सहज आला, त्याच्याबद्दल दोन वाक्ये. संस्कृतात प्रणाली म्हणजे पाणी वाहून नेणारी वाट. त्याच घराण्यातून मराठीत पन्हळ आली, पागोळ्यांचे पाणी एका बाजूला नेणारी. ‘सिस्टिम’साठी हा शब्द ज्याने निवडला त्याला दाद द्यावी.

खरी गोडी आहे ती ‘होस्ट’ आणि ‘गेस्ट’ या जोडीत. ज्या यंत्राच्या आत दुसरे यंत्र चालते ते होस्ट, आतले ते गेस्ट. इंग्रजीत हे परस्परविरुद्ध वाटणारे शब्द एकाच मुळाचे आहेत. त्या मूळ शब्दाचा अर्थ साधारणपणे ‘पाहुणचाराच्या नात्याने बांधलेला परका माणूस’ असा होता. नाते दुहेरी होते, म्हणून नावही दोघांना एकच. लॅटिनमध्ये ‘हॉस्पेस’ हा यजमानही होता आणि पाहुणाही. त्याच मुळाचा दुसरा लॅटिन शब्द ‘होस्तिस’ हा मात्र बिघडत गेला. आधी परका, मग शत्रू. सिसरोच्या काळापर्यंत जुना अर्थ इतका मागे पडला होता की पूर्वी होस्तिस म्हणजे केवळ परदेशी असे, ही आठवण त्याला मुद्दाम नोंदवावी लागली. ‘परका’ या अर्थाच्या शब्दाचा असा प्रवास सर्वत्र होतो असे नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडे अनोळखी माणसाला हाक मारतात ती ‘ओ पाव्हणं’ अशी.

हा ‘पाहुणा’ प्राकृतातल्या ‘पाहुण’वरून आला. संस्कृत कोशांत त्याची ‘प्राघुण’, ‘प्राघूर्णक’ अशी रूपे सापडतात, आणि त्यांचा संबंध ‘घूर्ण्’ म्हणजे गरगर फिरणे या धातूशी लावतात. ‘अतिथी’चेही तसेच. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली तरी यास्काने निरुक्तात ‘अत्’ म्हणजे भटकणे या धातूचीही वाट दाखवली आहे. फिरत फिरत दाराशी आलेला तो पाहुणा. व्हीएमही असेच फिरते. एका फायलीत बांधले की एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर ठेवता येते, आणि मोठ्या सर्व्हरांवर तर चालता चालता हलवता येते.

यजमानाची गोष्ट व्याकरणाची आहे. यज् धातू परस्मैपदात ‘यजति’ होतो तेव्हा यज्ञ दुसऱ्यासाठी केलेला असतो, जसा ऋत्विज करतो. आत्मनेपदात ‘यजते’ झाला की यज्ञाचे फळ कर्त्याचे स्वतःचे. ‘यजमान’ हे या आत्मनेपदी क्रियापदाचे वर्तमानकालवाचक रूप. मंत्र दुसरे म्हणतात, आहुत्या दुसरे टाकतात. तूप, दक्षिणा, जागा मात्र यजमानाची, आणि पुण्यही त्याचेच. तिथून घरधनी, मग मराठी संसारात ‘आमचे यजमान’ म्हणजे नवरा. होस्ट संगणकाला हा शब्द जितका लागू पडतो तितका मूळ इंग्रजी शब्दही पडत नाही. आत चाललेल्या कार्याची रॅम, प्रोसेसरचा वेळ, डिस्कवरची जागा, विजेचे बिल, सगळा खर्च यजमानाचा.

या घरात देखरेख करणारा जो आहे त्याचे नाव ‘हायपरव्हायजर’. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला पूर्वी ‘सुपरव्हायजर’ म्हणत. त्याच्याही वरचा म्हणून लॅटिन ‘सुपर’ काढून ग्रीक ‘हायपर’ लावला. गंमत अशी की सुपर आणि हायपर हे मुळात एकच, आणि संस्कृत ‘उपरि’ त्यांचा सख्खा. उपरिचे प्राकृतात उवरि झाले, मराठीत ‘वर’. ‘व्हायजर’ हा पाहणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आला, आणि तो आपल्या ‘विद्’ धातूच्या नात्यातला. तेव्हा वर आणि विद्या या दोन घरच्या शब्दांचीच नातलग मंडळी ग्रीस आणि रोमहून एकत्र येऊन ‘हायपरव्हायजर’ झाली आहेत.

त्याचे काम समजले की नावाचा दुसरा भागही पटतो. पाहुण्या प्रणालीच्या बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरवर, पूर्ण वेगाने चालतात. स्मृतीचे नकाशे बदलणे, यंत्र थांबवणे असल्या मालकी हक्काच्या आज्ञा आल्या की प्रोसेसर त्या अडवतो आणि हायपरव्हायजरकडे सोपवतो. तो त्या आज्ञेचा परिणाम त्या पाहुण्यापुरता घडवून देतो आणि त्याला पुढे जाऊ देतो. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये याच्या अटी गणिती नेमकेपणाने मांडल्या: वागणूक मूळ यंत्रासारखीच हवी, साधनांवरचा ताबा देखरेख्याकडेच हवा, आणि वेग फारसा पडता कामा नये. इंटेलचा पेंटियम या कसोटीला उतरत नव्हता. त्याच्या १७ आज्ञा अशा होत्या की त्या अडवल्याच जात नसत, गुपचूप वेगळे उत्तर देऊन मोकळ्या होत. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने आपले पहिले उत्पादन आणले ते असल्या आज्ञा चालण्याआधीच वेचून, त्यांचे रूपांतर करून. असल्या आज्ञा हाताळण्याची सोय प्रोसेसरमध्येच २००५-०६ मध्ये आली.

इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये आलेल्या हायपरव्हायजरचे नाव ‘झेन’. बौद्ध झेनशी त्याचा संबंध नाही. तो ‘झेनोसर्व्हर’ या प्रकल्पातून निघाला, आणि त्यातला ‘झेनो’ ग्रीक ‘क्सेनोस’चा. क्सेनोस म्हणजे परका, पाहुणा आणि यजमानही, हॉस्पेससारखा सर्व अर्थांचा. परक्यांचे, भरवसा नसलेले प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर सुखरूप चालवून द्यायचे, ही त्या प्रकल्पामागची कल्पना होती. ॲमेझॉनने २००६ मध्ये यंत्रे तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली ती झेनच्या आधारावर. भाडे आले आणि शब्द बदलला. क्लाउडच्या बाजारात गेस्टच्या बरोबरीने ‘टेनंट’ बोलला जातो, म्हणजे कूळ. आणि होस्तिसचा वाईट अर्थही अधूनमधून डोके वर काढतो. २०१५ मध्ये क्यूईएमयू या सॉफ्टवेअरमधल्या, कुणी वापरत नसलेल्या फ्लॉपी डिस्कच्या नकलेत एक भेग सापडली. तिच्यातून पाहुणा भिंत फोडून यजमानाच्या घरात शिरू शकत होता. शोधणाऱ्यांनी तिचे नाव ठेवले ‘व्हेनम’.

‘पाहुणा’ शब्दाला एक गोष्ट मात्र बराच काळ झेपत नव्हती. पोपेक-गोल्डबर्ग यांच्या आदर्शात आतल्या प्रणालीला आपण कुणाकडे उतरलो आहोत याचा पत्ताच नसावा. साऱ्या यंत्राची मालकी आपलीच, अशा समजुतीत तिने वागावे. आपल्याकडे पाहुण्याला पाहुणेपण पहिल्या पायरीवरच कळते, चपला कुठे काढाव्यात इथपासून. झेनने ही जाणीव आतल्या प्रणालीला दिली. पाहुण्या लिनक्समध्येच फेरफार केले, मालकी हक्काच्या आज्ञा देऊन अडवून घेण्यापेक्षा तिने हवे ते हायपरव्हायजरकडे सरळ मागावे अशी रीत घातली, आणि वेग वाढला. व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये व्हीएम उभे केल्यावर ‘गेस्ट ॲडिशन्स’ टाकायला सांगतात, तेही याच जातीचे. त्यानंतर माउस दोन्ही घरांत विनासायास फिरतो आणि चौकट मोठी केली की आतला पडदाही मोठा होतो.

पाहुण्याने स्वतःच हायपरव्हायजर चालवून आणखी एक यंत्र आत घेतले, तर? हे रोज होते. भाड्याने घेतलेल्या व्हीएममध्ये लोक पुन्हा व्हीएम चालवतात. अशा वेळी होस्ट आणि गेस्ट हे शब्द अपुरे पडतात, कारण मधले यंत्र बाहेरच्याचा गेस्ट असते आणि आतल्याचा होस्ट. लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायजरवर काम करणाऱ्यांनी मग शब्द बाजूला ठेवून एल-शून्य, एल-एक, एल-दोन असे आकडे घातले. त्यांतल्या एल-एकसाठी शब्द होता: हॉस्पेस.