वाळवंटातील विमानाची ओळख

घरातील जुना फोटो हाती आला की आपण प्रथम त्याच्या पाठीमागे काही लिहिले आहे का, ते पाहतो. काही सापडले नाही तर लुगड्याचा काठ, लग्नाचा मांडव, मागे दिसणारी चर्चची दर्शनी भिंत यांवरून वर्ष आणि माणसे ठरवू लागतो. महायुद्धात कोसळलेल्या विमानांची छायाचित्रांवरून ओळख पटवणारे अभ्यासक याहून फारसे वेगळे काही करीत नाहीत. लिबियाच्या वाळवंटात सापडलेल्या एका बॉम्बफेकी विमानाची कथा या दृष्टीने मनन करण्याजोगी आहे.

१९५८ साली तेलाचा शोध घेणाऱ्या ब्रिटिश संशोधकांना कलांशोच्या वालुकासागरात, किनाऱ्यापासून सुमारे ७०० किलोमीटर आत, एक विमान पडलेले आकाशातून दिसले. त्यांनी अमेरिकन हवाई तळाला कळवले. परंतु त्या भागात विमान हरवल्याची नोंदच तिथे नव्हती. १९५९ च्या फेब्रुवारीत भूमापकांची तुकडी जमिनीवरून तिथे पोहोचली.

तेव्हा टिपलेली छायाचित्रे आज पाहताना कोणती चिन्हे आढळतात? धडाच्या वरच्या बाजूस बसवलेले लांब, अरुंद पंख, चार इंजिने आणि शेपटीच्या दोन टोकांना दोन लंबगोल उभे पडदे. हे बी-२४ लिबरेटर जातीचे विमान, यात शंका उरत नाही. नाकाशी तोफांचा फिरता घुमट नाही, काचेची खिडक्याखिडक्यांची चौकट आहे. नंतरच्या लिबरेटरांना तिथे घुमट असे. म्हणजे हे आधीच्या ‘डी’ प्रकारातील. शेपटीवर १२४३०१ हा आकडा आहे. मूळ क्रमांक ४१-२४३०१. त्यातील ४१ हे आर्थिक वर्ष दाखवते आणि शेपटीवर रंगवताना वर्षाचा पहिला अंक गाळण्याची रीत होती. नाकाशेजारी ६४ हा आकडा, आणि उजव्या अंगाला हाताने रंगवलेले नाव : ‘लेडी बी गुड’.

क्रमांकाने नोंदवहीचे पान उघडले. ४ एप्रिल १९४३ रोजी बेनगाझीजवळच्या सोलूख येथून २५ विमाने इटलीतील नेपल्स बंदरावर हल्ला करण्यास निघाली. लेफ्टनंट विल्यम हॅटन आणि त्यांचे आठ सहकारी यांची ही एकत्र पहिलीच मोहीम होती. ते परतले नाहीत. विमान भूमध्य समुद्रात बुडाले असावे असे धरून शोध समुद्रावर झाला, आणि नऊ घरांना तेच उत्तर मिळाले.

छायाचित्रांनी आणखी एक गोष्ट सांगितली. विमान मधोमध मोडले होते, तरी बरेचसे शाबूत होते. पण आत कुणी नव्हते आणि पॅराशूटही नव्हती. चारपैकी तीन इंजिनांची पाती वाऱ्याला आडवी न ठेवता कडेवर वळवलेली होती. बंद पडलेल्या इंजिनाचा अडथळा कमी करण्यासाठी वैमानिक तसे करतो. म्हणजे इंधन संपत आले तेव्हा माणसांनी उड्या टाकल्या आणि रिकामे विमान एका इंजिनावर पुढे जाऊन पोटावर उतरले. रात्री दिशा विचारली असता तळाच्या यंत्राने दिलेला कोन उलट बाजूचाही असू शकत होता. त्यामुळे तळ ओलांडून गेल्याचे त्यांना कळले नाही, असे मानले जाते.

१९६० च्या फेब्रुवारीत पाच जणांचे अवशेष सापडले. सहवैमानिक रॉबर्ट टोनर यांची छोटी रोजनिशीही मिळाली. तीत ४ ते १२ एप्रिलपर्यंतच्या नोंदी आहेत : दिवसाला टोपणभर पाणी, वाळूने गेलेली दृष्टी, थंड रात्री, आणि पुन्हा पुन्हा प्रार्थना. अशक्त झाल्यावरही ते एकत्र बसून प्रार्थना करीत होते. तिघे जण मदत आणण्यासाठी पुढे निघाले. पाच जण थांबले ती जागा उडी मारल्या ठिकाणापासून जवळजवळ ८० मैलांवर होती. तिघांपैकी दोघे त्याहूनही कित्येक मैल पुढे सापडले.

मनाला चटका लावणारी गोष्ट निराळीच आहे. ते वायव्येला, समुद्राच्या आशेने चालत राहिले. विमान मात्र त्यांच्या मागे सुमारे २६ किलोमीटरवर होते. त्यात पाणी होते, अन्न होते आणि चालू स्थितीतील रेडिओ होता. पण ते कुठे उतरले हे त्यांना ठाऊक असण्याचा मार्ग नव्हता. त्यांना दोष कोण देणार?

बॉम्बफेक करणारे जॉन वोराव्हका १९६० च्या ऑगस्टमध्ये सापडले. त्यांचे पॅराशूट नीट उघडले नव्हते. इतर जण ज्याची वाट पाहत होते तो सोबती उतरतानाच गेला होता. तोफची व्हर्नन मूर यांचे अवशेष मात्र अधिकृतपणे आजवर मिळालेले नाहीत.

त्रिपोलीजवळच्या व्हीलस हवाई तळाच्या चॅपेलात या नऊ जणांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवण्यात आली होती. अमेरिकन सैन्य लिबियातून गेल्यावर ती डेटन येथील हवाई दल संग्रहालयात नेली गेली. विमानाचे अवशेषही १९९४ साली वाळवंटातून हलवले गेले.

शेपटीवरचे सहा अंक नीट वाचले गेले म्हणून आठ जणांना आपल्या नावाची कबर मिळाली. आपल्या घरच्या ट्रंकेतील फोटोंच्या पाठीही पुष्कळदा कोऱ्याच असतात. सांगणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांवर नाव आणि साल लिहून ठेवावे. मृतांसाठी प्रार्थना करताना त्यांची नावे तरी आपल्याला ठाऊक असावीत.