११ विरुद्ध ५२ : मुंबई विधानसभेतील संततिनियमनाचा ठराव

१/ १० नोव्हेंबर १९३८. मुंबई प्रांताच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचा एक अशासकीय ठराव चर्चेला आला. सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोमाने प्रचार करावा व त्यासाठी पुरेशा सोयी पुरवाव्यात, अशी त्याची मागणी होती. पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या दिवशी अनुपस्थित होते. पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी तो मांडला.

२/ विषय नवा नव्हता. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमन केंद्र काढले होते. पुढे त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र आंबेडकरांनीच घेतले होते.

३/ रोहम यांच्या भाषणात दारिद्र्याइतकेच महत्त्व स्त्रीच्या प्रकृतीला होते. प्रसूतीच्या वेदना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या, तर एकाहून अधिक अपत्यास कोणीही राजी झाला नसता, असा त्यांचा युक्तिवाद होता.

४/ प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर होते. गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता. संयम हाच उपाय, असे त्यांनी १९३५ मध्ये वर्ध्यास आलेल्या मार्गारेट सँगर यांनाही सांगितले होते. मतदान झाले. बाजूने ११, विरोधात ५२. ठराव फेटाळला गेला.

५/ आता १९७६. देशात आणीबाणी होती. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारे विधेयक मंजूर केले. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची आणि ती न केल्यास तुरुंगवास, अशी त्यात तरतूद होती. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने हा कायदा कधीच अमलात आला नाही.

६/ दोन्ही प्रसंगांत शब्द तोच, 'संततिनियमन'. अर्थ मात्र उलटा. १९३८ च्या ठरावात सक्तीचा लवलेश नव्हता. ज्याला हवे त्याला साधन मिळावे, एवढेच त्यात मागितले होते आणि तेवढेही सभागृहाने नाकारले. १९७६ मध्ये लोकसंख्येचा आकडा पुढे आला आणि बाळंतपण सोसणाऱ्या स्त्रीची इच्छा चर्चेच्या कडेला गेली.

७/ १९८८ मध्ये याच विधिमंडळाने गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. अशा चर्चांची जुनी इतिवृत्ते वाचताना मतांच्या आकड्यांबरोबर हेही पाहावे : निर्णयाचा अधिकार कोणाच्या हाती दिला जात होता, आणि कोणाच्या हातून काढून घेतला जात होता.