आभासी यंत्रावरील मोबाइल परिचालन प्रणाली

संगणकाच्या आत आज्ञावलीच्या साहाय्याने दुसरे, प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेले यंत्र निर्माण करून त्यावर मोबाइल फोनची परिचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, चालविण्याची पद्धती. अशा यंत्रास आभासी यंत्र म्हणतात. आपणास स्वतंत्र प्रोसेसर, स्मृती, साठवण व पडदा असल्याचे त्यातील प्रणालीस भासते. वस्तुतः ही साधने मूळ संगणकाचीच असतात आणि हायपरव्हायजर ही नियंत्रक आज्ञावली ती वाटून देते. मूळ संगणकास यजमान व आभासी यंत्रातील प्रणालीस अतिथी म्हणतात. नव्या आज्ञावलींची चाचणी, संशयास्पद आज्ञावलींचे निर्धोक परीक्षण व जुन्या प्रणालींचे जतन हे ह्या पद्धतीचे प्रमुख उपयोग होत. यजमान आणि अतिथी यांची यंत्रभाषा भिन्न असल्यास काय करावे, ह्या प्रश्नाभोवती तिचा इतिहास मुख्यतः फिरतो.

पूर्वपीठिका : आभासी यंत्राची कल्पना मोबाइल फोनपेक्षा जुनी आहे. १९६० नंतरच्या दशकात संगणक अतिशय महाग असल्याने एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता यावे यासाठी प्रयत्न सुरू झाले. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स, अमेरिका) येथील शास्त्रीय केंद्रात रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये सीपी-४० ह्या प्रणालीचे काम हाती घेण्यात आले व जानेवारी १९६७ मध्ये ती वापरात आली. एका सिस्टीम/३६० संगणकावर तिच्या योगाने १४ पर्यंत आभासी संगणक चालत व प्रत्येक वापरकर्त्यास संपूर्ण यंत्र आपल्याच हाती असल्यासारखे वाटे. ह्या अनुभवातूनच १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये ह्या विषयास शास्त्रीय बैठक दिली. आभासी यंत्राचे वर्तन मूळ यंत्रासारखेच असावे, साधनांवर नियंत्रक आज्ञावलीचा पूर्ण ताबा असावा आणि बहुसंख्य आज्ञा मूळ प्रोसेसरवर थेट चालाव्यात, अशा तीन कसोट्या त्यांनी सांगितल्या.

व्यक्तिगत संगणकांत रूढ झालेले एक्स८६ कुलातील प्रोसेसर ह्या कसोट्यांना उतरत नव्हते. त्यांतील काही संवेदनशील आज्ञा अतिथी प्रणालीने दिल्या, तरी त्या अडविल्या जात नसत. परिणाम मात्र निराळा होई. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने अशा आज्ञा चालत्या प्रणालीतच हेरून बदलण्याची युक्ती योजली व १९९९ मध्ये आपले पहिले उत्पादन विक्रीस आणले. पुढे २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच आभासी यंत्रांसाठी सोय केली आणि २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम हा हायपरव्हायजर समाविष्ट झाला.

अँड्रॉइडचा अनुकारी : गूगल व तिच्या सहयोगी कंपन्यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये अँड्रॉइड ही मोबाइल प्रणाली जाहीर केली व त्याच महिन्यात आज्ञावली रचणाऱ्यांसाठी साधनसंच उपलब्ध केला. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन मात्र ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीस आला. म्हणजे जवळजवळ एक वर्षपर्यंत बाहेरच्या रचनाकारांना ही प्रणाली केवळ संगणकाच्या पडद्यावरच पाहावयास मिळत होती. साधनसंचातील अनुकारी, म्हणजेच एम्युलेटर, फ्रेंच संगणकतज्ञ फाब्रिस बेलार्द यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्यूईएमयू ह्या आज्ञावलीवर आधारलेला होता. त्यात गोल्डफिश नावाच्या काल्पनिक फोनची घडण वर्णिलेली होती.

हा अनुकारी पोपेक-गोल्डबर्ग यांच्या अर्थाने आभासी यंत्र नव्हता. फोनमध्ये कमी विजेवर चालणारे एआरएम प्रोसेसर, तर संगणकात एक्स८६ प्रोसेसर असत. त्यामुळे अतिथीची प्रत्येक आज्ञा यजमानाच्या भाषेत उतरवावी लागे आणि एका आज्ञेसाठी अनेक आज्ञा खर्ची पडत. परिणामी प्रणाली सुरू होण्यासच कित्येक मिनिटे लागत व पडद्यावरील चित्रे अडखळत हलत.

भाषाभेदावरील उपाय : दुभाष्याऐवजी अतिथीलाच यजमानाची भाषा शिकविणे हा दुसरा मार्ग होता. अँड्रॉइडची मूळ संहिता ऑक्टोबर २००८ मध्ये खुली झाल्यामुळे तो शक्य झाला. २००९ मध्ये सुरू झालेल्या अँड्रॉइड-एक्स८६ ह्या स्वयंसेवी प्रकल्पाने ही प्रणाली सामान्य संगणकांसाठी सिद्ध केली व ती प्रचलित आभासी यंत्रांतही चालू लागली. बहुतेक अँड्रॉइड आज्ञावली जावा भाषेत लिहून प्रोसेसरनिरपेक्ष रूपात वितरित होत असल्याने त्यांना ह्या बदलाची फारशी झळ पोहोचली नाही. वेगासाठी थेट एआरएम यंत्रभाषेत उतरविलेले खेळ वगैरेंची मात्र अडचण कायम राहिली. मार्च २०१२ पासून गूगलच्या अनुकारीतही एक्स८६ रूपातील अतिथी प्रोसेसरमधील आभासीकरणाच्या सोयीसह चालविता येऊ लागला. चित्ररेखनाचे काम यजमानाच्या चित्रप्रोसेसरकडे सोपविण्याची व्यवस्थाही त्याच सुमारास झाली. यांमुळे वेगात मोठी सुधारणा झाली. २०२० मध्ये एक्स८६ अतिथीतच एआरएम आज्ञावलींच्या भाषांतराची सोय करण्यात आली. आता संपूर्ण प्रणालीचे नव्हे, तर केवळ त्या आज्ञावलीचे भाषांतर पुरेसे ठरले.

तिसरा मार्ग यजमानाच्या बाजूने खुला झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपल कंपनीने एआरएम आज्ञासंचावर आधारित एम१ प्रोसेसर असलेले मॅक संगणक विक्रीस आणले. अशा संगणकावर एआरएम रूपातील अँड्रॉइडच्या आज्ञा भाषांतराविना थेट चालतात. सामान्य वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विंडोज ११ मध्ये अँड्रॉइडचे आभासी यंत्र आणले होते. ५ मार्च २०२५ रोजी ती सेवा बंद करण्यात आली.

आयओएस व कायदा : ॲपलच्या आयओएस प्रणालीचा इतिहास निराळा आहे. रचनाकारांना दिलेल्या सिम्युलेटरमध्ये आज्ञावली मॅक संगणकासाठीच उतरविलेली असते. फोनची संपूर्ण प्रणाली त्यात नसते. आयओएसची आभासी प्रत चालविणाऱ्या कोरेलियम कंपनीवर ॲपलने ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेत स्वामित्वहक्कभंगाचा दावा लावला. सुरक्षाविषयक संशोधनासाठी अशी प्रत चालविणे हा न्याय्य वापर होय, असा निर्णय न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला व मे २०२३ मध्ये अपील न्यायालयाने प्रणालीच्या आभासी प्रतीपुरता तो कायम ठेवला. त्याच वर्षी उभय पक्षांत तडजोड झाली. खरेदी केलेल्या यंत्राबाहेर त्यातील प्रणाली तपासण्याचा अधिकार कोणास, हा ह्या वादाचा खरा गाभा होता.

मर्यादा व महत्त्व : स्थान, विद्युत् घटाची पातळी, येणारे दूरध्वनी इत्यादींचे आभासी यंत्रात अनुकरण करता येते, परंतु फोनचे तापणे, कॅमेऱ्याचा गुण किंवा बोटाचा स्पर्श यांची खरी परीक्षा प्रत्यक्ष फोनवरच होते. फोनमधील सुरक्षा-चकतीची ग्वाही मिळाल्याविना बँकांच्या काही आज्ञावली चालत नाहीत. दरम्यान, भूमिकांचीही अदलाबदल झाली आहे. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या तेराव्या आवृत्तीपासून फोनच आभासी यंत्रांचा यजमान होऊ शकतो आणि २०२५ मध्ये काही पिक्सेल फोनवर त्यायोगे लिनक्स चालविण्याची सोय करण्यात आली.

फोनचे विद्युत् घट निकामी होतात, पडदे फुटतात व सुटे भाग मिळेनासे होतात. पहिल्या फोनवरील प्रणाली कशी दिसे व कशी वागे, हे पुढील अभ्यासकांना प्रत्यक्ष दाखविण्याचे आभासी यंत्र हे एक टिकाऊ साधन आहे. तथापि दूरच्या सेवासंगणकांवर विसंबणाऱ्या आज्ञावली ते सेवासंगणक बंद पडल्यावर केवळ आभासी यंत्राच्या बळावर पुन्हा जिवंत करता येत नाहीत. म्हणून प्रणालीच्या प्रतींबरोबरच तिची मूळ संहिता व यंत्ररचनेचे वर्णन जतन करणेही आवश्यक ठरते.