टेबलाचें भाडें
शास्त्राभ्यासासाठीं वर्गणी जमविणाऱ्या एका मंडळाची हकीकत

विद्यादान हें श्रेष्ठ दान होय असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु विद्यादानाच्या मागें द्रव्यदान उभें असावें लागतें, हें तितक्या वेळां म्हणत नाहीं. प्राथमिक शाळेंतील मुलास पाटी-पेन्सिल पुरते. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास फी व पुस्तकें मिळालीं म्हणजे त्याचें भागतें. पण पदवी मिळाल्यावर जो तरुण किंवा जी तरुणी शास्त्रांत नवीन शोध करूं इच्छिते, तिची गरज निराळी असते. तिला बसून काम करावयास जागा हवी, उपकरणें हवींत, आणि दोन-तीन वर्षें पोटाची विवंचना नको. घरचीं माणसें हा खर्च सहसा करीत नाहींत. कारण त्याचें फळ केव्हां येईल, किंबहुना येईल कीं नाहीं, हें कोणासच सांगतां येत नाहीं. अशा ठिकाणीं परक्यांनीं हात द्यावा लागतो.

ज्युबिलीच्या स्मरणग्रंथांत शेवटच्या पानांवर वर्गणीदारांच्या याद्या छापलेल्या असतात. आपलें नांव शोधण्यापलीकडे त्या कोणी वाचीत नाहीं. तरी अशा एखाद्या यादीमागें केवढा इतिहास दडलेला असूं शकतो, हें दाखविण्याकरितां अमेरिकेंतील एका जुन्या मंडळाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

ह्या हकीकतीचा आरंभ इटलींतील नेपल्स शहरीं होतो. अँटन डोर्न (१८४०–१९०९) ह्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें तेथें समुद्रकांठच्या सार्वजनिक बागेंत सागरी प्राण्यांच्या अभ्यासासाठीं एक संस्था उभारली. इमारतीचें काम १८७२ सालीं सुरू झालें व पुढील वर्षीं तेथें पहिले अभ्यासक आले. सागरी प्राण्यांचीं अंडीं पुष्कळदां पारदर्शक असतात. त्यामुळें एका पेशींतून सबंध जीव कसा घडत जातो, हें सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं डोळ्यांनीं पाहतां येतें. म्हणून त्या काळीं जीवशास्त्राच्या अभ्यासकांस नेपल्सची ओढ असे.

संस्थेचा खर्च चालविण्यासाठीं डोर्नसाहेबांनीं दोन युक्त्या योजिल्या. तळमजल्यावर लोकांना पाहण्यासाठीं मत्स्यालय ठेवून त्याचें तिकीट लावलें. आणि वरील प्रयोगशाळेंतील टेबलें भाड्यानें दिलीं. टेबल म्हणजे नुसतें लांकडी मेज नव्हे. जी सरकारें किंवा विद्यापीठें ठराविक वार्षिक रक्कम भरीत, त्यांनीं पाठविलेल्या अभ्यासकास जागा, रसायनें, ग्रंथालय आणि कोळ्यांनीं ताजे आणलेले प्राणी, हें सर्व मिळे. डोर्नसाहेबांच्या मृत्यूपर्यंत सुमारे २,२०० शास्त्रज्ञ तेथें काम करून गेले होते. अमेरिकन मंडळींस एका टेबलाचें वार्षिक भाडें ५०० डॉलर पडे.

आतां ह्या टेबलाशीं ज्यांचा संबंध जडला, त्या बाईंकडे वळूं. आयडा हेन्रिएटा हाइड ह्यांचा जन्म १८५७ सालीं अमेरिकेंत आयोवा प्रांतीं, जर्मनींतून आलेल्या कुटुंबांत झाला. सोळाव्या वर्षीं त्यांनीं बायकांच्या टोप्या बनविणाऱ्या दुकानांत उमेदवारी धरली. पुढें कांहीं वर्षें शाळेंत शिक्षिकेचें काम केलें आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, म्हणजे १८९१ सालीं, कॉर्नेल विद्यापीठाची पदवी मिळविली. त्यांच्या संशोधनाची कीर्ति जर्मनीस पोंचली व १८९३ सालीं स्ट्रासबुर्ग येथील प्राध्यापक गेटे ह्यांनीं त्यांना बोलाविलें. पदवीधर स्त्रियांच्या एका अमेरिकन संघानें शिष्यवृत्ति दिली, म्हणून त्यांस तें बोलावणें स्वीकारतां आलें.

परंतु स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठानें स्त्रीस डॉक्टरेटच्या परीक्षेस बसूं देण्याचें नाकारलें. तेव्हां बाई हायडेलबर्गला गेल्या. तेथें शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक क्यूने ह्यांनीं त्यांस आपल्या व्याख्यानांस व प्रयोगशाळेंत येण्याची बंदी केली. बाईंनीं त्यांच्या सहायकांचीं टिपणें घेऊन त्यांवरून अभ्यास केला आणि १८९६ सालीं तोंडी परीक्षा देऊन पदवी संपादन केली. त्या विद्यापीठांत संशोधन करून डॉक्टर झालेल्या पहिल्या कांहीं स्त्रियांपैकीं त्या एक होत. मग हायडेलबर्गकडे असलेल्या नेपल्सच्या टेबलावर काम करण्याची संधि त्यांस मिळाली. ज्या विद्यापीठानें व्याख्यानाचें दार लावून घेतलें, त्याच्याच टेबलावर बसावयास मिळालें, हें पाहून बाईंना एक गोष्ट नक्की समजली असावी. परवानगीसाठीं अर्ज करीत राहण्यापेक्षां जागेचें भाडें भरून ती जागा आपल्या नांवानें धरून ठेवणें हा अधिक खात्रीचा मार्ग होय.

अमेरिकेस परतल्यावर त्यांनीं हेंच काम हातीं घेतलें. १८९७ सालीं त्यांच्या पुढाकारानें एक मंडळ निघालें. नेपल्स येथें अमेरिकन स्त्रियांसाठीं टेबल ठेवणें आणि स्त्रियांच्या शास्त्रीय संशोधनास उत्तेजन देणें, हे त्याचे दोन हेतु होते. नांव मोठें लांबलचक होतें. लोक त्यास नेपल्स टेबल असोसिएशन म्हणत.

मंडळाची रचना अगदीं साधी होती. त्याजवळ इमारत नव्हती कीं मोठी ठेव नव्हती. महाविद्यालयें, संस्था व कांहीं दानशूर व्यक्ति ह्यांजकडून दरसाल ५० डॉलरांची वर्गणी घ्यावयाची. असे दहा वर्गणीदार मिळाले कीं टेबलाचें भाडें निघे. वर्गणीसाठीं पत्रें लिहिणें, अर्ज मागविणें, योग्य उमेदवार निवडणें, हीं कामें बायकाच आपापला व्यवसाय व संसार सांभाळून करीत. थेंबे थेंबे तळें सांचे ही आपली म्हण येथें अक्षरशः खरी ठरली. दरसाल तेंच पत्र लिहावयाचें आणि तीच वर्गणी मागावयाची, हें काम नीरस खरें. पण तें एक वर्ष राहिलें असतें तर त्या वर्षीं टेबल दुसऱ्या कोणाच्या हातीं गेलें असतें.

भाडें भरून झाल्यावर मंडळानें दुसरें पाऊल टाकलें. स्वतःच्या प्रयोगांवर आधारलेला, नवीन निष्कर्ष सांगणारा उत्कृष्ट शास्त्रीय निबंध लिहिणाऱ्या स्त्रीस १,००० डॉलरांचें पारितोषिक द्यावयाचें ठरलें. एका टेबलाच्या दोन वर्षांच्या भाड्याइतकी ही रक्कम होती. पुढें ह्या पारितोषिकास एलेन रिचर्ड्स ह्यांचें नांव देण्यांत आलें. बोस्टनच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयांत १८७० सालीं प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. त्यांच्याकडून फी घेतली नाहीं, तेव्हां ही आपल्या गरिबीची कींव असेल असें त्यांस वाटलें. पुढें कळलें कीं, कोणी तक्रार केलीच तर ही आमची विद्यार्थिनीच नव्हे असें म्हणतां यावें, म्हणून फी माफ केली होती! दान आणि हक्क ह्यांतील फरक ह्या बाईंइतका कोणास ठाऊक असणार?

पारितोषिक प्रथम १९०३ सालीं फ्लॉरेन्स सेबिन ह्यांस मिळालें. शरीरांतील लसिकावाहिन्या गर्भावस्थेंत कोठून उगम पावतात, हा त्यांचा विषय. बाल्टिमोरच्या ज्या वैद्यकीय शाळेंत त्या शिकल्या, तिचीच कथा सांगण्यासारखी आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठास ती शाळा काढावयास पैसा कमी पडत होता. तेव्हां कांहीं स्त्रियांनीं गांवोगांवीं समित्या नेमून निधि जमविला, मेरी गॅरेट ह्या बाईंनीं स्वतः फार मोठी रक्कम घातली, आणि अट घातली कीं स्त्रियांस पुरुषांच्याच अटींवर प्रवेश असावा. शाळा १८९३ सालीं उघडली. सेबिनबाई तेथें १९०० सालीं डॉक्टर झाल्या. संशोधनासाठीं त्यांना जी शिष्यवृत्ति मिळाली, तीही बाल्टिमोरच्या स्त्रियांच्या एका मंडळानें दिलेली होती. १९१७ सालीं त्या तेथें पूर्ण प्राध्यापक झाल्या आणि १९२५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या.

१९०५ सालचें पारितोषिक नेटी स्टीव्हन्स ह्यांस मिळालें. ह्यांनींही शिक्षिका व ग्रंथपाल म्हणून कामें करून पैसा सांठविला आणि पस्तिशीच्या घरांत विद्यापीठाची पायरी चढली. त्यांनीं नेपल्स येथें काम केलें होतें. पारितोषिकाचा निबंध मावा नांवाच्या किडीच्या जननपेशींवर होता. पण त्याच वर्षीं त्यांनीं दुसऱ्या एका संस्थेच्या साहाय्यानें जें संशोधन प्रसिद्ध केलें, तें आपल्या घराघरांत सांगण्यासारखें आहे. पिठांत होणाऱ्या एका भुंग्याच्या पेशी तपासतां त्यांना आढळलें कीं, मादीच्या पेशींत २० मोठीं रंगसूत्रें असतात, तर नराच्या पेशींत १९ मोठीं आणि एक लहान. तें लहान रंगसूत्र नराच्या निम्म्या बीजांत जातें. तें ज्या अंड्यास मिळेल त्यांतून नर होतो, न मिळेल त्यांतून मादी होते. म्हणजे संतति नर कीं मादी, हें पित्याच्या बीजावरून ठरतें. मनुष्याचीही गोष्ट हीच आहे. मुलगी झाली म्हणून सुनेस बोल लावणाऱ्या सासरास ह्याहून स्पष्ट उत्तर कोणतें? स्टीव्हन्सबाई १९१२ सालीं, अवघ्या ५० व्या वर्षीं वारल्या. पण त्या किड्याच्या पेशींतून निघालेलें सत्य अजून आपल्या पुष्कळ घरांच्या उंबरठ्यापर्यंत पोंचावयाचें आहे.

१९२८ सालीं पारितोषिक दोघींत विभागून देण्यांत आलें. त्यांतील एक होत्या जर्मनींत काम करणाऱ्या लीझ माइट्नर. ह्याप्रमाणें मंडळाची दृष्टि आपल्या देशाच्या सीमेपलीकडे गेलेली होती.

आणि मग १९३२ सालीं मंडळानें आपणांस विसर्जित करून घेतलें. पैसा संपला असें कारण त्यानें दिलें नाहीं. आपला हेतु सफल झाला, शास्त्रीय संशोधनांत स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें संधि मिळूं लागली आहे, असा ठराव करून पस्तीस वर्षांचें काम थांबविण्यांत आलें.

हा ठराव करणाऱ्या स्त्रिया प्रामाणिक होत्या ह्यांत शंका नाहीं. त्यांनीं आपली तरुणपणची स्थिति आठविली आणि सभोंवतीं पाहिलें, तेव्हां अंतर खरोखरच मोठें वाटलें असेल. पण घटना निराळें सांगतात. गर्टी कोरी ह्या १९३१ सालीं सेंट लुई येथील विद्यापीठांत आपल्या पतीसमवेत आल्या. पतीस प्राध्यापकाची जागा आणि त्यांस केवळ संशोधन-सहायकाची. त्या पूर्ण प्राध्यापक झाल्या १९४७ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें त्याच वर्षीं. माइट्नरबाईंस १९३८ सालीं ज्यू वंशाच्या म्हणून जर्मनी सोडून पळावें लागलें. अणूच्या विभाजनाच्या शोधाचें नोबेल पारितोषिक त्यांचे सहकारी ऑटो हान ह्यांस एकट्यांनाच मिळालें.

आणि आपल्याकडे? मंडळ बंद झालें त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १९३३ सालीं, मुंबई विद्यापीठाच्या एक हुषार पदवीधर, रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी कमला भागवत ह्यांनीं बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत प्रवेशासाठीं अर्ज केला. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन ह्यांनीं स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाई हटून बसल्या, तेव्हां एक वर्ष परीक्षेदाखल काम करावें, काम पसंत पडल्यासच नियमित प्रवेश मिळेल, अशा अटीवर त्यांस आंत घेतलें. वर्षाच्या शेवटीं रामनसाहेबांस तें काम पसंत पडलें, आणि पुढें त्या संस्थेचें दार इतर मुलींसही उघडलें. मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीच्या बळावर कमलाबाई केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हें द्रव्य असतें असें त्यांनीं दाखवून दिलें, आणि १९३९ सालीं त्यांस डॉक्टरेट मिळाली. ह्याच पुढें कमलाबाई सोहोनी म्हणून प्रसिद्ध झाल्या. मराठी वाचकांस सुपरिचित असलेल्या दुर्गाबाई भागवतांच्या त्या भगिनी.

ह्या सर्व हकीकतीवरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं, शास्त्राभ्यासास मदत करावयास कुबेर असावें लागत नाहीं. दहा वर्गणीदार आणि दरसाल न चुकतां पत्रें लिहिणारी एक चिकाटीची व्यक्ति एवढ्यावर एक टेबल पस्तीस वर्षांच्या कामास पुरलें. पारितोषिकाचा गौरव मोठा खरा. पण तो काम झाल्यावर मिळतो. टेबल कामाच्या आधीं लागतें. म्हणून ज्यांस थोडेंच देतां येतें, त्यांनीं बक्षिसापेक्षां जागेचें भाडें द्यावें.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. निधि केव्हां बंद करावा, हें ठरवितांना देणाऱ्यांनीं केवळ स्वतःच्या मागील दिवसांशीं तुलना करूं नये. दाराबाहेर कोण उभें आहे तें पाहावें. बोस्टन किंवा न्यू यॉर्कमधून पाहिलें असतां काम पुरें झालेलें दिसलें, पण बंगलोरच्या दाराशीं उभ्या असलेल्या मुलीस तें तसें दिसलें नसतें. हाइडबाईंनीं मात्र आपले दिवस विसरले नाहींत. १९३८ सालीं त्यांनीं जर्मनींतील अनुभव लिहून प्रसिद्ध केले आणि १९४५ सालीं मृत्यु येण्यापूर्वीं स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठीं शिष्यवृत्तीची कायमची तरतूद करून ठेवली. मंडळ विसर्जित झालें तरी त्याच्या संस्थापिकेनें आपली वर्गणी बंद केली नाहीं.

शिष्यवृत्तीचा निधि चालविणाऱ्या सर्वांस, मग तो निधि लहान असो वा मोठा, ह्यापेक्षां अधिक सांगण्याची आवश्यकता नाहीं. पुढील वर्षाचें पत्र वेळेवर लिहावें, आणि टेबल रिकामें राहूं देऊं नये.