लालीच्या तोफा आणि माझे टायर

कुंभकोणमचा नोव्हेंबर म्हणजे ईशान्य मान्सून. कावेरीच्या कालव्यांचे बांध लोण्यासारखे होतात. गेल्या वर्षी अशाच एका बांधावर माझी जुनी जिप्सी अडकली. मागे हात मोडलेला एक एनसीसी कॅडेट होता. मधल्या उंचवट्यावर डिफरन्शियल टेकलं आणि चाकं जागीच फिरू लागली. पोरगा 'हूं की चूं' न करता बसून राहिला. ट्रॅक्टर यायला चाळीस मिनिटं लागली. त्या रात्रीच ठरवलं, मोठे टायर बसवायचे.

हिशेब मांडला. मूळ टायर 205/70 आर 15, व्यास सुमारे 668 मिलिमीटर. 235/75 घेतला तर 733. म्हणजे जमिनीपासूनची उंची जेमतेम 33 मिलिमीटरने वाढणार. पण स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 66 ने धावणार, आणि 1300 सीसीच्या इंजिनाला प्रत्येक गिअर दहा टक्के जड जाणार. क्लच, ब्रेक, बेअरिंग मात्र जुनेच.

इथून चाळीस किलोमीटरवर तंजावर. 1758 मध्ये फ्रेंच सेनापती लाली तिथे मराठा राजे प्रतापसिंह भोसले यांच्याकडून पैसा वसूल करायला तोफा घेऊन आला होता. तोफा दमदार होत्या. कमी होती ती बैलांची, दारूगोळ्याची आणि रसदेची. त्याच वर्षी आधीच्या मोहिमेत बैल मिळेनात म्हणून त्याने पुद्दुचेरीच्या लोकांना, जातपात न बघता, ओझी वाहायला जुंपलं होतं. तेव्हापासून मदत करायला कोण राजी होणार? तंजावरचा किल्ला पडला नाही. माघार घेताना जड तोफा मागे टाकाव्या लागल्या, आणि तंजावरचं घोडदळ पाठीवर होतंच.

तोफ केवढी, हे लालीने पाहिलं. ती ओढणार कोण, हे पाहिलं नाही. माझंही तेच चाललं होतं.

दुसरा धडा वाळवंटातला. बॅग्नॉल्डच्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपने (यात पुढे आपली इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनही होती) मऊ वाळूत टायरची हवा कमी केली. हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं. सोबत वाळूत घालायच्या लोखंडी पट्ट्या आणि फावडी.

माझे जुने एमटी हवालदार फोनवर हसून म्हणाले, "साहेब, टायर बदलण्याआधी हवा बदला. आणि त्याआधी उतरून पायी बघा."

खरं तर त्या रात्री मी रेकीच केली नव्हती. चूक टायरची नव्हती, माझी होती.

म्हणून मूळ मापाचेच, पण चिखलाच्या नक्षीचे टायर घेतले. गाडीत आता फावडं, दोन फळ्या, प्रेशर गेज आणि हवेचा पंप असतो. बांधावर 18 पीएसआय, डांबरावर परत पूर्ण हवा. परवा तोच बांध पायी पाहिला. मधला उंचवटा तसाच होता. मागे फिरलो आणि लांबच्या रस्त्याने गेलो. वीस मिनिटं जास्त लागली, चाळीस वाचली.

जय हिंद!