ओकलंड ॲथलेटिक्सची २००१-०२ मधील संघबांधणी

२००१ च्या हिवाळ्यात ओकलंड ॲथलेटिक्स या अमेरिकन बेसबॉल संघाने तीन प्रमुख खेळाडू गमावल्यानंतर मर्यादित वेतनखर्चात नवा संघ उभा केला. महाव्यवस्थापक बिली बीन आणि त्यांचे सहायक पॉल डीपोडेस्टा यांच्या या काळातील निर्णयांवर मायकेल लुईस यांचे ‘मनीबॉल’ (२००३) हे पुस्तक व त्याच नावाचा चित्रपट (२०११) आधारलेला आहे.

== पार्श्वभूमी ==
मेजर लीग बेसबॉलमध्ये संघांच्या वेतनखर्चावर कडक मर्यादा नाही. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला सारखीच मर्यादा असते. येथे मात्र मोठ्या शहरातील संघ आपल्या उत्पन्नाच्या जोरावर इतरांच्या कितीतरी पट खर्च करू शकतो. २००२ मध्ये न्यू यॉर्क यँकीजचा वेतनखर्च साडेबारा कोटी डॉलरच्या आसपास, तर ॲथलेटिक्सचा सुमारे ४ कोटी डॉलर होता.

लहान संघाला दिलासा मिळतो तो सेवाकाळाच्या नियमांमुळे. साधारणपणे पहिली तीन वर्षे खेळाडूचे वेतन संघच ठरवतो, पुढील तीन वर्षे ते लवादाकडे जाऊ शकते आणि सहा वर्षांनंतर खेळाडू करारमुक्त होतो. त्यामुळे एखादा खेळाडू ऐन बहरात असतानाच लहान संघाच्या आवाक्याबाहेर जातो. २००१ मध्ये १०२ सामने जिंकूनही ॲथलेटिक्स बाद फेरीत यँकीजकडून ३-२ असे पराभूत झाले, आणि पाठोपाठ ही वेळ आली.

== खेळाडूंचे प्रस्थान ==
२००० सालचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू, पहिल्या बेसवरील जेसन जिआंबी, सात वर्षांच्या १२ कोटी डॉलरच्या करारावर यँकीजकडे गेला. जॉनी डेमन बॉस्टन रेड सॉक्सकडे (चार वर्षे, ३ कोटी १० लाख डॉलर) आणि सामन्याच्या अखेरीस आघाडी राखणारा पिचर जेसन इझ्रिंगहाउझन सेंट लुइस कार्डिनल्सकडे (चार वर्षे, २ कोटी ७० लाख डॉलर) गेला.

हे नुकसान पूर्णतः निष्फळ नव्हते. तत्कालीन नियमांनुसार करारमुक्त झालेल्या नामवंत खेळाडूला जुन्या संघाने लवादाचा प्रस्ताव दिलेला असल्यास त्याच्या बदल्यात नवोदितांच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) जादा संधी मिळत असे. खेळाडूने प्रस्ताव स्वीकारला तर मोठे वेतन गळ्यात पडण्याचा धोका असे. या तिघांच्या बाबतीत तो नगण्य होता. परिणामी २००२ च्या ड्राफ्टमध्ये पूरक निवडी धरून पहिल्या फेरीतील सात निवडी ओकलंडच्या वाट्याला आल्या. डेमनच्या बदल्यात मिळालेल्या निवडीतून निक स्विशर आणि जिआंबीच्या बदल्यातील निवडीतून जो ब्लँटन संघात आले. दोघांनीही पुढे मेजर लीगमध्ये दीर्घकाळ खेळ केला. सातपैकी काही जण मात्र तेथपर्यंत पोहोचलेच नाहीत.

== पर्यायांची निवड ==
जिआंबीसारखा दुसरा खेळाडू विकत घेणे शक्य नव्हते. म्हणून त्याच्या खेळातील जो भाग बाजारात स्वस्त होता तो शोधण्यात आला: फलंदाजाचे बेसवर पोहोचण्याचे प्रमाण. यात फटक्यांबरोबरच, पिचरने चार चेंडू पट्ट्याबाहेर टाकल्यामुळे मिळणारा ‘वॉक’ही मोजला जातो. संयमाने चेंडू सोडणाऱ्या फलंदाजाला त्या काळी फारसा भाव नव्हता.

स्कॉट हॅटेबर्ग हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. कोपराच्या मज्जातंतूला इजा झाल्याने त्याची कॅचर म्हणून कारकीर्द जवळजवळ संपली होती. कोलोराडो रॉकीजने त्याला करार न देताच मोकळे केले आणि ओकलंडने १० लाख डॉलरपेक्षा कमी वेतनावर घेतले. तो पूर्वी न खेळलेली पहिल्या बेसवरील जागा प्रशिक्षक रॉन वॉशिंग्टन यांनी त्याला शिकवली. तरीही संघाची पहिली पसंती तो नव्हता. हंगामाच्या आरंभी त्या जागी टेक्सास रेंजर्सकडून आणलेला तरुण कार्लोस पेन्या होता. पस्तिशीतील डेव्हिड जस्टिस न्यू यॉर्क मेट्सकडून आला.

इझ्रिंगहाउझनच्या जागी टोरंटोकडून बिली कॉच आला आणि त्याने २००२ मध्ये ४४ सामने राखले. अशा पिचरबाबत ओकलंडचे धोरण व्यापाऱ्याचे होते. १९९९ मध्ये बिली टेलरला देऊन इझ्रिंगहाउझन मिळवला होता. २००२ अखेर कॉचला देऊन कीथ फोक घेतला. अर्थात या सौद्यांना किंमत होती. कॉचसाठी दिलेला एरिक हिन्स्की त्याच वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.

== परिणाम ==
२००२ मध्ये ॲथलेटिक्सने १०३ सामने जिंकले; यँकीजचे विजयही तितकेच होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संघाने सलग २० सामने जिंकून अमेरिकन लीगचा तत्कालीन विक्रम केला. विसाव्या सामन्यात ११-० अशी आघाडी गमावल्यावर हॅटेबर्गच्या होम रनने कॅन्सस सिटी रॉयल्सवर १२-११ असा विजय मिळवून दिला. बाद फेरीत मात्र मिनेसोटा ट्विन्सने संघाला ३-२ असे हरवले.

== टीका ==
या यशाचे श्रेय स्वस्तात मिळवलेल्या खेळाडूंना अवाजवी दिले जाते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो बऱ्याच अंशी रास्त आहे. संघाचा खरा आधार टिम हडसन, मार्क मल्डर व बॅरी झिटो हे तीन पिचर आणि मिगेल तेहादा व एरिक चावेझ हे फलंदाज होते. ते सर्व ओकलंडच्याच व्यवस्थेत घडलेले आणि सेवाकाळाच्या नियमांमुळे अजून कमी वेतनावर खेळणारे होते. २००२ मध्ये तेहादा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तर झिटोला सर्वोत्तम पिचरसाठीचा साय यंग पुरस्कार मिळाला. चित्रपटात या मंडळींना फारच थोडे स्थान आहे.

त्यांनाही संघ राखू शकला नाही. तेहादा २००३ च्या हंगामानंतर करारमुक्त होऊन बाल्टिमोरला गेला, हडसन व मल्डर यांना डिसेंबर २००४ मध्ये अदलाबदलीत देण्यात आले आणि झिटोने २००६ अखेर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी १२ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला.