खांबाला लागलेला चेंडू

इतिहासाच्या दप्तरात ‘जर’ आणि ‘तर’ ह्या शब्दांना जागा नसते. जे घडले त्याची नोंद करावी आणि जे घडता घडता राहिले ते हळहळणाऱ्यांच्या स्वाधीन करावे, असा इतिहासकारांचा शिरस्ता आहे. परंतु काही माणसांचे दैवच असे विपरीत की, त्यांनी जे मिळविले ते लोक विसरतात आणि जे त्यांच्याकडून निसटले तेवढेच स्मरणात ठेवतात. हॉलंडचा फुटबॉलपटू रॉब रेन्सेनब्रिंक हा अशांपैकी एक होय.

अ‍ॅमस्टरडॅम शहरात 3 जुलै 1947 रोजी त्याचा जन्म झाला. त्याच शहरातील डी.डब्ल्यू.एस. ह्या संघातून 1965 पासून तो खेळू लागला. आघाडीच्या फळीतील डाव्या कडेची, आपल्याकडे ‘लेफ्ट आउट’ म्हणून ओळखली जाणारी जागा त्याची होती. ह्या जागेवरील खेळाडूचे राज्य मुळातच अरुंद असते. एका अंगाला सीमारेषा, दुसऱ्या अंगाला प्रतिपक्षाचा बचावपटू, आणि ह्या दोहोंमधल्या फटीतून चेंडूसह वाट काढावयाची! शिडशिडीत बांध्याचा रेन्सेनब्रिंक ती वाट बळाने नव्हे, तर अंगाच्या हेलकाव्याने काढी. अंग हवे तसे वळविणाऱ्या कसरतपटूला डच भाषेत ‘सर्पमानव’ म्हणतात. तेच नाव त्याला चिकटले.

1969 साली तो शेजारच्या बेल्जममध्ये ब्रुगे येथील संघात गेला आणि 1971 मध्ये ब्रसेल्सच्या आंडरलेख्त संघात दाखल झाला. ह्या स्थलांतराला त्याच्या चरित्रात मोठे महत्त्व आहे. नेमक्या त्याच सुमारास डच फुटबॉलचा सुवर्णकाळ उगवत होता. 1970 साली रॉटरडॅमच्या फेयेनूर्डने आणि पुढची सलग तीन वर्षे अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्सने युरोपचे विजेतेपद पटकावले. योहान क्रायफचे नाव सर्वतोमुखी झाले. ह्या वैभवात रेन्सेनब्रिंक नव्हता. 1974 च्या विश्वचषक स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघात त्याला स्थान मिळाले, तेव्हा आयाक्सच्या पीट कायझरसारख्या नामांकित खेळाडूला मागे सारून हा परदेशात खेळणारा गडी डाव्या कडेवर उभा राहिला. संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. पण ब्राझीलविरुद्ध झालेली दुखापत घेऊनच तो म्यूनिकच्या मैदानात उतरला आणि मध्यंतरालाच त्याला बाहेर बसावे लागले. पश्चिम जर्मनीने तो सामना 2–1 असा जिंकला.

त्याचे खरे कर्तृत्व ब्रसेल्समध्ये फुलले. 1976 साली युरोपच्या ‘कप विनर्स’ चषकाचा अंतिम सामना त्याच शहरातील हेजेल मैदानावर झाला. लंडनच्या वेस्ट हॅमने प्रथम आघाडी घेतली; पण आंडरलेख्तने 4–2 असा विजय मिळविला. त्यांतले दोन गोल रेन्सेनब्रिंकचे होते. त्याच वर्षी युरोपच्या सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत फ्रान्झ बेकेनबाउअरच्या खालोखाल त्याचा क्रमांक लागला. 3 मे 1978 रोजी पॅरिसमध्ये आंडरलेख्तने ऑस्ट्रिया व्हिएन्नाला 4–0 असे नमवून तोच चषक पुन्हा जिंकला, आणि पुन्हा दोन गोल त्याचेच होते. ही स्पर्धा 1999 मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्या इतिहासात सर्वाधिक, म्हणजे 25 गोल त्याच्याच नावावर जमा होते.

पॅरिसच्या त्या विजयानंतर महिन्याभरातच अर्जेंटिनात विश्वचषक स्पर्धा सुरू झाली. क्रायफ ह्या वेळी संघात नव्हता. आक्रमणाचा भार मुख्यतः रेन्सेनब्रिंकवर आला. इराणविरुद्धचे तिन्ही गोल त्याने केले. स्कॉटलंडविरुद्ध त्याने पेनल्टीवर केलेला गोल विश्वचषकाच्या इतिहासातील हजारावा ठरला. ऑस्ट्रियाविरुद्ध आणखी एक गोल नोंदवून त्याने आपली संख्या पाचावर नेली.

25 जून 1978. ब्वेनोस आइरेसचे मैदान सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षकांनी फुलून गेले होते. समोर यजमान अर्जेंटिना. केम्पेसने पहिला गोल केला; सामना संपावयास आठ मिनिटे उरली असता नानिंगाने डोक्याने चेंडू मारून बरोबरी साधली. अखेरच्या मिनिटाला रूड क्रोलने लांबून फ्री किक घेतली. बचाव फळीच्या डोक्यावरून आलेला तो चेंडू रेन्सेनब्रिंकने गाठला. कोन अतिशय अरुंद, गोलरक्षक फिलोल अंगावर धावून आलेला. रेन्सेनब्रिंकने पाय लांबवून चेंडू त्याच्या बाजूने ढकलला. चेंडू खांबावर आदळला आणि मैदानात परत आला. जादा वेळात केम्पेस आणि बेर्तोनी ह्यांनी गोल केले, आणि अर्जेंटिना 3–1 असा विजयी झाला.

तो चेंडू चार बोटे आत असता, तर हॉलंड जगज्जेता ठरण्याच्या उंबरठ्यावर उभा राहिला असता. रेन्सेनब्रिंकचे सहा गोल झाले असते आणि त्या घटकेला केम्पेसचे पाचच होते. प्रश्न केवळ खेळाचाही नव्हता. 1976 पासून अर्जेंटिनावर लष्करी सत्तेचा अंमल होता. मैदानापासून जवळच असलेल्या नौदलाच्या शाळेत बंदिवानांचा छळ चालू होता, आणि विजयाचा चषक हुकूमशहा विदेला ह्याच्या हातून दिला गेला. ती सत्ता 1983 पर्यंत टिकली. एका गोलाने तिचा पाया हलला असता काय, ह्याचे उत्तर कोणापाशीच नाही. ‘जर’च्या वाटेने गेलेल्याला शेवटी अशाच बंद दारापाशी येऊन थांबावे लागते.

1979 मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द 46 सामने आणि 14 गोलांवर थांबली. पुढे अमेरिकेत पोर्टलंडकडून आणि फ्रान्समध्ये तुलूझकडून खेळून 1982 साली तो निवृत्त झाला. ज्याचे शरीर वेताच्या छडीप्रमाणे वळे, त्याला उतारवयात स्नायूंच्या क्षयाने गाठले. 24 जानेवारी 2020 रोजी, वयाच्या 72 व्या वर्षी, त्याचे निधन झाले. मृत्युवार्तांमध्येही तो खांब आलाच.

त्या खांबाची आठवण जगाने जरूर ठेवावी. परंतु त्या अरुंद कोनातून चेंडू गोलरक्षकाला चुकवून खांबापर्यंत पोहोचला, तो ब्रसेल्स आणि पॅरिस येथील गोल ज्या कौशल्याने झाले त्याच कौशल्याच्या बळावर. चेंडू आत गेला नाही, हा त्या एका क्षणाचा निकाल होय. सतरा वर्षांच्या कारकिर्दीचा तो निकाल नव्हे.